मुंबईत राहून गावठी वाण कसं सांभाळायचं: बी मागण्यापासून जीन बँकेपर्यंत

बियाणं साठवणारे लोक एक जुना हिशेब वापरतात. साठवणीच्या जागेचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं आणि त्यात हवेतली आर्द्रता टक्क्यांत मिळवायची. बेरीज १०० च्या आत राहिली तर बी सुखात राहतं. ती जितकी वर जाईल तितकं बियाचं आयुष्य कमी. आता जुलैतली मुंबई घ्या. तापमान ८६ अंश, आर्द्रता ८५ टक्के, बेरीज १७१. गावाहून कागदाच्या पुडीत आणलेलं भेंडीचं किंवा कांद्याचं बी ओट्यावरच्या फळीवर ठेवलंत, तर एका पावसाळ्यात त्यातलं बरंचसं मरून जातं. वरून काहीच कळत नाही. रंग तोच, आकार तोच, फक्त पेरल्यावर उगवत नाही.

म्हणून या लेखात ओलाव्याबद्दल जास्त आणि कुंड्यांबद्दल कमी वाचायला मिळेल. ‘गच्चीवरची बाग’ शिकवणारे भरपूर आहेत. इथे प्रश्न वेगळा आहे: एखाद्या कुटुंबाने, पाड्याने किंवा गावाने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेलं वाण मुंबईतल्या माणसाने कसं गोळा करावं आणि ते जिवंत, ओळखीचं कसं ठेवावं?

एवढी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारलं तर भाताचं उदाहरण द्यावं. १९६०-७० च्या दशकांत आशियातल्या भातावर ‘ग्रासी स्टंट’ नावाचा विषाणूरोग आला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती एकाच नमुन्यात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानटी भातात. तो नमुना गोळा करणाऱ्याला तेव्हा यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्याने फक्त बी नीट घेतलं, नीट नोंदवलं आणि नीट ठेवलं. तुम्हाला एवढंच करायचं आहे.

थोडीच वाणं घ्या

सुरुवातीला सगळ्यांना सगळंच हवं असतं. डझनावारी पुड्या जमतात आणि दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्यांवरची शाई पुसलेली असते. माझं मत स्पष्ट आहे: एका घराने दोन-तीन वाणं घ्यावीत, पण ती दहा वर्षं सांभाळावीत. त्यातलं एक तरी स्वतःच्या गावचं असावं, कारण त्या गावी तुम्ही वर्षातून एकदा जाणारच असता.

निवडताना पिकाचा स्वभाव बघा. वाल, पावटा, चवळी, टोमॅटो, भात ही बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून ती नवख्याला सोपी. भेंडी, वांगी, मिरची यांच्यात मधमाश्या थोडीफार भेसळ करतात. दुधी, घोसाळी, शिराळी, पडवळ, काकडी, चिबूड यांचं परागीकरण कीटकांवर चालतं. मका आणि माठ यांचे पराग वाऱ्याबरोबर दूर जातात. लाल माठ आणि हिरवा माठ एकाच बाल्कनीत लावून दोन्हींचं शुद्ध बी धरता येत नाही, तो नाद सोडा.

दुकानातल्या पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-वन’ लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नका. पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटतात आणि दहा झाडं दहा तऱ्हेची निघतात.

कुठे मागायचं, कसं मागायचं

मुंबईकराला हे वाटतं तितकं अवघड नाही. पहिली जागा स्वतःचं गाव. दुसरी, वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यातल्या वाड्या, जिथे अजून घरचं बी धरणारी माणसं आहेत. तिसरी, ठाणे, मुलुंड, बोरिवली, दादरच्या बाजारात पालघर आणि शहापूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका. आरे कॉलनीतल्या पाड्यांवरही परसात भाजी लावतात.

बाजारात थेट ‘बी आहे का?’ असं विचारू नका. आधी भाजी घ्या, घासाघीस न करता. मग विचारा, ‘मावशी, ही काकडी तुमच्या वाडीतली का? बी घरचंच धरता की दुकानातून आणता?’ घरचं असेल तर पुढच्या फेरीला एक जून झालेलं फळ किंवा मूठभर शेंगा आणायला सांगा आणि त्याचे पैसे भाजीपेक्षा जास्त द्या. कोवळ्या भाजीत पेरण्याजोगं बी नसतं. बाजारातली दुधी सोलून त्यातल्या पांढऱ्या, मऊ बिया वाळवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून काही उगवत नाही.

गावाचं वेळापत्रकही ध्यानात ठेवा. गणपतीला गेलात तर मांडवावर तवसं, शिराळी, पडवळ लटकत असतात, पण बहुतेक फळं अजून बियाची नसतात. तेव्हा फक्त सांगून ठेवायचं: ‘काकू, वेलावर एक फळ बियाला सोडा, दिवाळीनंतर नेतो.’ कडवे वाल हवे असतील तर भातकापणीनंतरच्या ओलीवर पेरलेल्या वालाच्या शेंगा वाळेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा.

करटोली, शेवळा, भारंगी यांसारख्या रानभाज्यांबाबत एक पथ्य. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बी, कंद, रोप काहीही उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे ते चालत नाही. रानातल्या वनस्पती त्यांच्या जागीच राहू द्या. वनस्पती ओळखताच येत नसेल तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने तिथे १९०६ पासून जमत आलेले आहेत.

नोंद बियाइतकीच महत्त्वाची

‘पावटा, ठाणे मार्केट’ असं लिहिलेली पुडी म्हणजे आमटीचं सामान. जीन बँकेत, म्हणजे वाणांचं बी वर्षानुवर्षं जपून ठेवणाऱ्या संस्थेत, प्रत्येक नमुन्याबरोबर त्याची माहिती जाते आणि त्या माहितीविना नमुन्याला फारशी किंमत नसते. बी हातात पडतानाच, तिथेच, वहीत लिहा:

पिकाचं नाव आणि देणाऱ्याच्या तोंडचं स्थानिक नाव, जसं उच्चारलं तसं. गाव, पाडा, तालुका आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. तारीख. बी शेतातून आलं, परसातून, कणगीतून की बाजारातून. त्या घरात हे वाण किती वर्षांपासून आहे आणि त्याआधी कुठून आलं (सासरी येताना माहेरून आणलेलं बी हे उत्तर फार वेळा मिळतं आणि ते मोलाचं असतं). कधी पेरतात, किती दिवसांत येतं, कुठल्या जमिनीत चांगलं येतं. पावसात कुजतं का, कीड लागते का. चव, शिजायला लागणारा वेळ, कशासाठी वापरतात. त्या बाईला या वाणातलं काय आवडतं आणि काय आवडत नाही.

शेवटचा प्रश्न चुकवू नका. ‘शेंग लहान असते, पण पाऊस लांबला तरी टिकते’ असं एखादी आजी सहज बोलून जाते, तेव्हा नेमका संशोधकाला हवा असलेला गुण ती सांगत असते. फोटो चार काढा: झाड, फूल, फळ आणि मोजपट्टीशेजारी बी. देणाऱ्या व्यक्तीचं नाव वहीत जरूर लिहा, पण कुठे छापायचं किंवा टाकायचं असेल तर आधी तिला विचारा.

प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक द्या. पीक, वर्ष आणि अनुक्रम, एवढं पुरे: वाल-२०२५-०३. तोच क्रमांक पुडीत आत, पुडीवर बाहेर आणि वहीत. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. ओल लागली तर शाई फुटते, पेन्सिल टिकते.

एका झाडाचं बी पुरत नाही

इथे बागकाम करणारे आणि वाण सांभाळणारे यांचे रस्ते वेगळे होतात. बागवाला सर्वांत मोठ्या फळाचं बी ठेवतो. त्याला निवड म्हणतात आणि त्याच्या कामासाठी ती बरोबरच आहे. पण गावठी वाणाच्या शेतात सगळी झाडं हुबेहूब सारखी नसतात. कुणी चार दिवस आधी फुलतं, कुणाच्या शेंगेवर जांभळी छटा असते, कुणी बुटकं पण काटक असतं. या फरकातच त्या वाणाची ताकद असते. तुम्ही दरवर्षी एकाच ‘सुंदर’ झाडाचं बी धरलंत तर पाच-सात वर्षांत वाणाचं नाव राहील आणि आतलं वैविध्य निघून जाईल.

शास्त्रीय पद्धतीने गोळा करणारे एका शेतातून साधारण ५० ते १०० झाडांचं बी घेतात, शेतात आडवं-तिडवं फिरून, प्रत्येक झाडावरून थोडं थोडं. तेवढं जमेलच असं नाही. स्वपरागी पिकात निदान दहा-वीस झाडं तरी गाठा. मूठभर बीच मिळालं तर ते किती झाडांचं आहे ते विचारून नोंदवा. आणि शेतकऱ्याच्या पेरणीच्या बियाला हात लावू नका. सगळं कधीच मागू नये. रोगट झाड मात्र सोडा, विशेषतः पानांवर पिवळे-हिरवे ठिपके आणि सुरकुत्या असलेलं. काही विषाणू बियांतून पुढे जातात.

बी काढणं

शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, खडखडल्या की तोडाव्यात. भेंडी तपकिरी होऊन चिरायला लागली की घ्यावी. मिरची पूर्ण लाल, वांगं पिवळं पडून मऊ झालेलं, काकडी पिवळट-तपकिरी आणि जड. दुधीचं साल लाकडासारखं टणक झालं आणि हलवल्यावर आत बी वाजलं की ती तयार.

टोमॅटो आणि काकडीच्या बियांभोवती चिकट आवरण असतं. गर बियांसकट वाटीत काढून थोड्या पाण्यात ठेवा. मुंबईच्या उष्म्यात दीड-दोन दिवसांत आंबतो. जास्त ठेवलात तर बी वाटीतच मोड काढेल. मग धुवा, तरंगणारं पोकळ बी टाका आणि ताटात पसरा. कागदावर पसरू नका, चिकटतं.

वाळवण: सगळा खेळ इथे आहे

ओलाव्याबद्दलचा ठोकताळा असा: बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि तापमान पाच-साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की तेही पुन्हा दुप्पट. फ्रिजवर विसंबून वाळवणीत हयगय केली तर उपयोग नाही. ओलं बी डीप फ्रीजरमध्ये गेलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन ते मरतंच.

अडचण अशी की बी आसपासच्या हवेशी ओलावा देतं-घेतं. हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना पंख्याखाली महिनाभर ठेवलं तरी ते एका मर्यादेपलीकडे वाळत नाही. मुंबईत यावर तीन उपाय आहेत.

पहिला, हंगाम साधणं. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. शक्य तिथे पेरणी अशी करा की बी तेव्हा तयार होईल. सावलीत, हवेशीर जागी, मलमलीवर पातळ पसरा आणि रोज हलवा. गच्चीवर दुपारच्या उन्हात तापलेल्या लादीवर थेट ठेवू नका. ओलं बी चाळीस अंशांच्या वर तापलं की अंकुराला इजा होते.

दुसरा, एसी. घरात असेल तर बियांचं ताट रात्रभर त्याच खोलीत ठेवा, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. सकाळी एसी बंद होण्याआधी बी डब्यात बंद करा.

तिसरा आणि खरा उपाय सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे दाणे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत त्यातले रंग बदलणारे दाणे मिळतात. बियाच्या वजनाइतकेच दाणे घ्या. बी कापडी पुरचुंडीत, दाणे दुसऱ्या पुरचुंडीत, दोन्ही एका हवाबंद काचेच्या बरणीत. आठ-दहा दिवस ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते काढून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर तापवा, रंग परत येतो आणि ते पुन्हा वापरता येतात. रंगीत दाणे तोंडात जाऊ देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा. सिलिका नसेल तर तांदूळ खरपूस भाजून, बंद डब्यात गार करून वापरा. काम कमी होतं, पण होतं.

बी वाळलं हे ओळखायचं कसं? भोपळावर्गीय बी वाकवलं तर न वाकता मोडलं पाहिजे. वालाचा दाणा हातोडीने ठोकला तर फुटावा, चेपू नये. भात दाताखाली ‘कट्ट’ आवाज करून तुटावा. आणखी एक सोपी परीक्षा मिठाची: कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर तापवून गार केलेलं मीठ आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट बी टाकून हलवा, पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर बी अजून ओलं आहे.

कीड आणि साठवण

कडधान्यातले भुंगे बाहेरून डब्यात शिरले असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यांची अंडी बऱ्याचदा शेतातच शेंगेवर घातलेली असतात. पूर्ण वाळलेलं बी हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी-अळ्या मरतात. गावी यासाठी राख वापरतात, कडुनिंबाचा पाला घालतात. दोन्ही चांगले उपाय आहेत, पण गावच्या कोरड्या कणगीत. मुंबईच्या दमट हवेत पाला स्वतःच ओल धरतो.

साठवणीला रबरी कडा असलेल्या झाकणाची काचेची बरणी उत्तम. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओल हळूहळू आत जाते. आत पुड्या, तळाशी सिलिकाची छोटी पुरचुंडी. बरणी फ्रिजच्या दारात नको, आतल्या मागच्या कप्प्यात ठेवा. फ्रिजमध्ये ४१ अंश फॅरनहाइट आणि बरणीत तीसेक टक्के आर्द्रता धरली तर सुरुवातीच्या हिशेबातली १७१ ची बेरीज ७१ वर येते.

बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका. रात्रभर तशीच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार बरणी उघडली की दमट हवेतलं पाणी थेट बियांवर साचतं आणि आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत जाते.

उगवण तपासा

साठवण्याआधी एकदा आणि मग दरवर्षी एकदा. ५० दाणे घ्या, बी कमी असेल तर २०. ओल्या, पिळलेल्या फडक्यावर ओळीत मांडा, गुंडाळी करा, सैल झाकणाच्या डब्यात ठेवा. चवळी तीन-चार दिवसांत मोड काढते, मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या. निरोगी मोड किती टक्के आले ते तारखेसह वहीत लिहा. जीन बँकांमध्ये उगवण मूळच्या ८५ टक्क्यांखाली गेली की ते वाण पुन्हा पेरायला काढतात. कांद्याचं बी लवकर मरतं, त्याच्यावर वर्षाला नजर हवी. टोमॅटो आणि भोपळावर्गीय बी नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं आरामात टिकतं.

सिलिकात खूप वाळवलेला वाल-पावटा थेट भिजत घालू नका. पाणी झपाट्याने आत शिरून दाणा तडकतो. एक-दोन दिवस उघड्या हवेत ठेवा, मग पेरा.

पुन्हा पेरणं, भेसळ न होता

मिरची आणि वांग्याच्या कुंडीवर फुलं यायच्या आधी मच्छरदाणीच्या कापडाचा तंबू करा, रोज झाड हलकेच हलवा. भेंडीची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी टोकाला दोऱ्याने सैल बांधा. आतल्या आत फलन होतं.

वेलवर्गात फुलायची वेळ पाहून काम करावं लागतं. दुधी आणि शिराळी संध्याकाळी फुलतात. घोसाळी, कारली, भोपळा पहाटे. उमलायच्या थोडं आधी मादी कळी (जिच्या मागे इवलंसं फळ असतं) आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरची नर कळी, दोन्ही दोऱ्याने बांधा. उमलायच्या वेळी नर फूल तोडून पाकळ्या काढा, पराग मादी फुलावर फिरवा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत धागा लावा, म्हणजे कुणी भाजीला तोडणार नाही. एका वेलावर अशी एक-दोन फळंच ठेवा.

दुधीचं बी धरण्याआधी फळाचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर लगेच थुंका, ते फळ खाऊही नका आणि बीही ठेवू नका. कडू दुधी विषारी असते.

मुंबईच्या बाल्कनीत वेलवर्गाची पुरेशी झाडं बसत नाहीत. त्यासाठी वसई-पालघरकडचा एखादा वाडीवाला जोडीदार शोधा: बी तुमचं, जमीन त्याची, पीक त्याचं आणि वाणाचं थोडं बी तुम्हाला परत.

ज्यांचं बी ठेवता येत नाही

आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांचं बी वाळवलं की मरतं. त्यांचं जतन जिवंत झाडातूनच होतं. गावच्या रायवळ आंब्याची चव टिकवायची तर पावसाळ्यात कोयकलम (कोयीतून उगवलेल्या रोपावर त्या झाडाची काडी बांधून केलेलं कलम) करून घ्या. करांदे, कोनफळ, सुरण, अळू कंदातून चालतात. करांद्याला वेलावर लागणारे हवेतले कंदच लावायला वापरतात. कंद कोरड्या वाळूत ठेवून वळवाच्या आसपास लावा, दरवर्षी, न चुकता.

कायद्याचं थोडं

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला बी साठवणं, पेरणं, देणं-घेणं आणि विकणंही मोकळं आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी पाकिटबंद करून, त्या वाणाचं लेबल लावून विकता येत नाही. शेतकऱ्याचं स्वतःचं वाण त्याच्या नावाने नोंदवताही येतं आणि त्याला शुल्क नाही. ही नोंदणी तुम्ही गोळा केली म्हणून तुमच्या नावावर करायची नाही, हे सांगायला नकोच. बी परदेशातल्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवू नका. २००२ चा जैवविविधता कायदा आणि वनस्पती विलगीकरणाचे नियम, दोन्ही आडवे येतात.

तीन जागी ठेवा

एका फ्रिजवर विसंबू नका. बियाचे तीन वाटे करा: एक तुमच्याकडे, एक शहरातल्याच दुसऱ्या कुणाकडे आणि एक जिथून आणलं त्या घरी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ती गावातच राहून, तिथल्याच शेतात वाणं पिकवून सांभाळण्यासाठी. मुंबईतली बरणी तशा शेताची जागा घेऊ शकत नाही, ती फक्त जादा प्रत आहे. म्हणून पुढच्या गणपतीला जाताना मागच्या वर्षी नेलेलं बी सव्वापटीने परत घेऊन जा. त्या घरात यंदा वाण गेलं असेल तर त्यांना ते तुमच्याकडून मिळेल.

वाण खरोखर वेगळं वाटलं आणि बी भरपूर झालं, तर राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोला कळवता येतं. मुख्यालय दिल्लीला पुसा इथे आहे आणि महाराष्ट्रात अकोल्याला प्रादेशिक केंद्र आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय जीन बँकेत बी उणे १८ अंशांवर ठेवतात. मूठभर बी पाठवून भागत नाही, दाणे हजारांच्या संख्येत लागतात, म्हणून आधी एक-दोन हंगाम वाढवून घ्या. पाठवताना रासायनिक पावडर चोळू नका, बी यंदाच्याच हंगामातलं द्या आणि वहीतलं पान, देणाऱ्या बाईच्या गाव-पाड्यासकट, पूर्ण उतरवून सोबत जोडा.